मार्च एंडिंगपासून मृगापर्यंत: दमलेल्या जिवाला विसावा कसा द्यायचा

मी जळगावात एका पतसंस्थेत अकाउंट्सला आहे, म्हणजे माझं वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि दोन वर्षांपूर्वी ते कसं संपलं ते विचारूच नका, ऑडिट, नवीन सॉफ्टवेअर, स्टाफमधले दोघं सोडून गेलेले, घरात मुलीची दहावी. २ एप्रिलला स्कूटी घेऊन निघाले आणि सिग्नलला उभी असताना आठवेचना की मी निघालेय कुठे, ऑफिसला की भाजीला. मागचा माणूस हॉर्न वाजवतोय, "ओ ताई, चला ना", आणि मी तशीच उभी.

मग मी तेच केलं जे सगळे करतात, रविवारी अकरापर्यंत झोपले. उठले तर डोकं जड, अर्धा दिवस वाया गेला म्हणून चिडचिड, आणि ती चिडचिड माळा साफ करण्यावर काढली. संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दमलेली.

त्याच महिन्यात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, चोपड्याकडे. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल अखाजी ते अखाजी असतं हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. नानांच्या सालदार काकांनी विळे, दोर, पंपाची चावी सगळं जागेवर लावलं, हिशेब केला आणि घरी गेले. चार दिवस दिसलेच नाहीत. शेतात काम नव्हतं असं नाही, केळीला पाणी द्यायचं होतं, नांगरट अर्धी राहिलेली, पण साल सुटलं म्हणजे सुटलं, नवीन साल धरायचं की नाही ते नंतर बसून ठरणार. मी बाजेवर बसून बघत होते आणि मनात आलं की माझं साल कधी सुटतच नाही, ३१ मार्चच्या रात्री बॅलन्स टॅली करते आणि १ एप्रिलला सकाळी नवीन वर्षाच्या एन्ट्र्या सुरू.

तर पुढचं सगळं दोन उन्हाळे स्वतःवर करून बघितलेलं आहे. मूळ मुद्दा हिशेबाचाच आहे, आराम ही शिल्लक रक्कम धरली तर शिल्लक कधीच राहत नाही, आधी खर्चातून काहीतरी वजा करावं लागतं. काय वजा करायचं आणि कसं, ते सांगते.

आधी बघा, नुसता थकवाच आहे ना

ही पायरी लोक सोडून देतात, मीही सोडली होती. सहा महिने मी "कामाचा ताण, कामाचा ताण" करत होते आणि जिना चढताना धाप लागायची. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२. बाईमाणसाचं १२ च्या वर पाहिजे, पुरुषाचं १३ च्या वर. मग डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्यासुद्धा मी चहाबरोबर घेत होते, तर चहाने लोह नीट शोषलंच जात नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या म्हणाले. माझा निम्मा थकवा तिथे होता, कितीही दिवस थंड हवेच्या तोरणमाळला जाऊन बसले असते तरी तो गेला नसता.

त्यामुळे दोन-तीन आठवडे नीट झोपूनही अंगात त्राण नसेल तर डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर यातलं काय तपासायचं ते ते सांगतील. घरात कोणी रात्री जोरजोरात घोरत असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल आणि दिवसा बसल्याबसल्या डुलक्या येत असतील तर तेही दाखवायचं, "दमलाय बिचारा" म्हणून सोडायचं नाही.

मनाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, त्यात तो आजार म्हणून नाही तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून धरलाय, आणि खुणा तीन आहेत, अंगातली शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल मन उठणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. हे सुट्टी आणि कामाच्या वाटणीने हळूहळू कमी होऊ शकतं. पण दोन आठवडे झाले तरी कशातच मन लागत नाही, रडू येतं, जगण्यात अर्थ नाही असं वाटतं, तर ते वेगळं प्रकरण आहे, तिथे हा लेख पुरणार नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्री-बेरात्रीसुद्धा लागते.

एक आठवडा नुसतं लिहा

काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. जुनी डायरी घ्या, रोज रात्री पाच मिनिटं, आज कुठे किती वेळ गेला. साधारण लिहा, मिनिटामिनिटाचा हिशेब नको, नाहीतर तेच एक नवीन काम होऊन बसतं.

माझ्या वहीत दोन गोष्टी निघाल्या ज्या मला माहीतच नव्हत्या. एक म्हणजे रात्री साडेनऊ ते पावणेबारा फोन, रोज, आणि त्याला मी डोक्यात "जरा बसले" म्हणत होते. दुसरी गोष्ट लग्नं. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे लग्नसराई, त्या एका आठवड्यात तीन लग्नं, दोन हळदी आणि एक साखरपुडा, एक पाचोऱ्याला, एक यावलला, एक गावातच. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत जरीची साडी नेसून मांडवात बसायचं, आणि घरी आल्यावर परत स्वयंपाक.

वही भरली की तीन खुणा करा. ज्याने बरं वाटलं तिथे टिक, ज्याने दमले पण करावंच लागतं तिथे काही नको, आणि ज्याने दमले आणि नसतं केलं तरी कोणाचं काही अडलं नसतं तिथे फुली. वजाबाकी फुल्यांमधूनच करायची.

लग्नांचा मी नियम केला, जवळचं असेल तर हळद आणि लग्न दोन्ही, बाकी ठिकाणी एकच, आणि लांबच्या ओळखीचं असेल तर आहेर कोणाच्या तरी हाती पाठवायचा आणि चार दिवसांनी संध्याकाळी घरी जाऊन नवरा-नवरीला भेटून यायचं. पहिल्या वर्षी दोन जणी रुसल्या, एकीने तर तोंडावर म्हटलं की मोठे झाले तुम्ही. पण घरी जाऊन भेटल्यावर बोलणं जास्त होतं, मांडवात कोण कोणाशी बोलतं, डीजे तर बोलूच देत नाही.

रजा मागायची, आणि नीट मागायची

नोकरी करणाऱ्यांपैकी कित्येकांना आपली रजा किती शिल्लक आहे तेच माहीत नसतं. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापनांचा कायदा आहे, खासगी ऑफिसं, शोरूम, मोठी दुकानं त्यात येतात, त्याप्रमाणे आठवड्याची सुट्टी तर आहेच, शिवाय वर्षाला ८ दिवस किरकोळ पगारी रजा, आणि वर्षात २४० दिवस काम भरलं असेल तर दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. अगदी छोट्या दुकानांना हा कायदा पूर्ण लागू होत नाही, त्यामुळे आपल्याकडे किती माणसं कामाला आहेत ते बघून विचारा.

मागताना "मला जरा आराम पाहिजे" असं म्हणू नका, समोरचा हसतो. तारखा सांगा, आणि तुमचं काम कोण बघणार ते सांगा. मी लिहिलं होतं, "सर, १५ ते २० मे रजेवर आहे, रोजच्या एन्ट्र्या अमुक बघतील, सह्यांचं १४ तारखेला करून ठेवते, अर्जंट असेल तर संध्याकाळी ६ ते ६.३० फोन करा." त्या शेवटच्या वाक्याने फार फरक पडतो, अर्ध्या तासाची खिडकी ठेवली की दिवसभर फोन येत नाहीत, आणि खरं सांगू का, सहा दिवसांत दोनच आले.

सहा सलग दिवस जमले तर उत्तम, नाही जमले तर चार तरी सलग घ्या. सुट्टे-सुट्टे दिवस गॅस एजन्सी, बँक आणि डेंटिस्टमध्ये जातात.

दुकानदार, शेतकरी, ज्यांना अर्ज द्यायला साहेबच नाही, त्यांचं जास्त अवघड आहे. दुकानवाल्यांनी मे महिन्यात दुपारी १ ते ४ शटर खाली ओढावं, त्या वेळात रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, गिऱ्हाईक कुठून येणार, तरी आपण गल्ल्यावर बसून पंख्याखाली फोन बघत बसतो. बोर्ड लावा, वेळ लिहा, लोकांना आठ दिवसांत सवय होते. शेतीचं म्हणाल तर ज्याच्याकडे केळी आणि दुभती जनावरं आहेत त्याला सुट्टी हा शब्दच नाही, तिथे भावाभावांनी किंवा शेजाऱ्याने आलटून-पालटून पाणी बघायचं हाच उपाय, आमच्या नानांचं आणि बांधाशेजारच्यांचं असंच चालतं, चार दिवस तू, चार दिवस मी.

दुपार आपली आहे, ती वापरा

जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४४-४५ पर्यंत जातो, त्याला शिव्या सगळेच देतात, पण विसाव्यासाठी इतका सोयीचा काळ वर्षात दुसरा नाही कारण दुपारी बाहेर पडणं शक्यच नसतं. आमच्या मायचा सगळा उन्हाळा त्यावर चालायचा, पहाटे चारला उठून काम, बारापर्यंत सगळं आटपून दार लोटून घ्यायचं, चारला परत. आपण एसी आणि कूलर लावले आणि दुपारही कामाची करून टाकली.

रजेत, किंवा सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर आडवं व्हा. पण गजर लावून, २० ते ३० मिनिटं. तासभर झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं, मग डोकं बधिर आणि चिडचिड, माझ्या त्या रविवारसारखं. आणि तीनच्या आत, नाहीतर रात्रीची झोप उडते. झोप नाही आली तरी चालेल, खिडकीला ओला पडदा लावून खोलीत अंधार करून नुसतं पडायचं, फोन दुसऱ्या खोलीत.

चहाचं ऐका जरा. कॅफिन पोटात गेल्यावर पाचेक तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं, म्हणजे संध्याकाळी साडेसहाचा चहा रात्री साडेअकराला अजून अर्धा शिल्लक. शेवटचा चहा चारचा ठेवा. पण दिवसाला सहा कप पिणाऱ्याने एकदम सोडू नये, दुसऱ्याच दिवशी डोकं असं ठणकतं की माणूस म्हणतो आरामच मानवला नाही. दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करा.

रात्री मोठ्या माणसाला सात तास तरी पाहिजेत, आणि त्यातही उठायची वेळ रोज एकच ठेवणं हे झोपायच्या वेळेपेक्षा जास्त कामाचं आहे. मी साडेपाच ठरवली, रविवारीसुद्धा. पहिला आठवडा नवरा हसत होता. पण सकाळी उजेडात अर्धा तास गेला की रात्री दहाला आपोआप पेंग येते. गरमीत झोप लागत नाही ही आपल्याकडची खरी अडचण, शरीराला झोपायला थोडं थंड व्हावं लागतं आणि इथे भिंतीच रात्री अकरापर्यंत तापलेल्या असतात. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा, साध्या पाण्याने अंघोळ करा, आणि शक्य असेल तर गच्चीवरच झोपा, मच्छरदाणी लावून. लहानपणी धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, झोपायचो ते काय गरिबी म्हणून नव्हतं, तिथे वारा असायचा.

बिबडे, कुरडया आणि बायकांचा उन्हाळा

आता खरी गोष्ट. "उन्हाळ्यात निवांत" असं पुरुष म्हणतात तेव्हा मला हसू येतं, कारण बाईच्या वर्षातले सगळ्यात राबायचे दोन महिने हेच. बिबडे (ज्वारीचे पापड), पापड, कुरडया, शेवया, वर्षाचं तिखट-मसाला, गहू-ज्वारी निवडून, ऊन दाखवून कोठीत भरणं. ज्याने बिबड्यांचा घाटा, म्हणजे शिजतं घट्ट पीठ, एकदा हाटलाय त्याला माहितीये, पहाटे चारला चुलीवर पातेलं, हात भरून येतात, आणि ऊन चढायच्या आत सगळं कापडावर पडलं पाहिजे. कुरडयांचे गहू तर तीन दिवस भिजत असतात, म्हणजे एकदा भिजवले की तुमची तारीख पक्की, रजा-बिजा काही नाही. वर पाहुणे, मुलं सुट्टीवर, आणि "तू तर घरीच आहेस ना" आहेच.

इथे वजाबाकी केली नाही तर बाकीचं सगळं फुकट. मी असं केलं:

सगळ्या वाळवणाची यादी काढली आणि समोर लिहिलं की मागच्या वर्षीचं किती उरलंय. उडदाचे पापड डबाभर तसेच होते, साबुदाण्याच्या चकल्या कोणी खातच नाही. दोन गोष्टी तिथेच कटाप.

बिबडे विकत घेतले, बचत गटाच्या बायकांकडून. सासूबाईंना पटलं नाही, "विकतच्याला घरची चव नसते", आणि ते खरंच आहे, थोडी कमी असते. पण चवीत थोडं कमी आणि दोन पहाटा माझ्या, हा सौदा मला परवडतो. त्यांच्या समाधानासाठी कुरडया घरी ठेवल्या, पण एकटीने नाही, गल्लीतल्या पाच जणींनी वाटून, एका दिवशी एकीच्या गच्चीवर. चीक खायला पोरं गोळा होतात, गप्पा होतात, नऊपर्यंत काम संपतं. ते काम मी वहीत टिकच्या बाजूला लिहिलंय, फुलीच्या नाही.

मसाल्याचं निवडणं आणि धान्याला ऊन दाखवणं हे नवऱ्याकडे आणि मुलाकडे दिलं. "मदत करा" असं म्हटलं नाही, मदत म्हटलं की दर दहा मिनिटांनी विचारायला येतात. "हे तुमचं, मला विचारू नका" असं म्हटलं. मिरच्या निवडताना मुलाने डोळ्याला हात लावला आणि अर्धा तास बोंबलला, पण झालं काम.

आणि रजेच्या दिवसांत एक वेळचा स्वयंपाक बंद. रात्री शेवभाजी कुठूनही मिळते खानदेशात, पोळ्या सकाळच्याच. नाहीतर खिचडी नवऱ्याच्या हातची. ती कशी होते यावर मी बोलणार नाही, बोललं की पुढच्या वेळी होत नाही.

जायचं का कुठे?

जा, पण टूर करू नका. सहा दिवसांत चार गावं करून आलेला माणूस सातव्या दिवशी ऑफिसात झोपतो. एक जागा, दोन-तीन रात्री. उन्हाळ्यात आपल्याकडे तोरणमाळ, सातपुड्यात उंचावर असल्यामुळे खालच्यापेक्षा हवा बरी असते, यशवंत तलावाच्या काठी सकाळ-संध्याकाळ चालायचं, बाकी काही बघायचंच असा हट्ट नको. पाटणादेवी सुंदर आहे पण ती पावसाळ्यात. आणि मे महिन्यात उनपदेवच्या गरम झऱ्याला जायची आयडिया आमच्या एका नातेवाईकांची होती, त्यांना माझा नमस्कार.

पैसे घालवायचे नसतील तर माहेर, मामाचं गाव, शेतातलं घर. अखाजीला गेलात तर झोका निंबाला टांगलेलाच असतो, एक संध्याकाळ पोरींना बाजूला सारून स्वतः बसा. पुरुषमंडळी पत्ते कुटत असतात, तोही त्यांचा आरामच म्हणायचा, पैसे लावत नसतील तोवर.

पहिले दोन दिवस वाईट जातात

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. काम थांबलं की सुरुवातीला बरं वाटत नाही, अस्वस्थ वाटतं, हात फोनकडे जातो, काहीतरी विसरल्यासारखं होतं, कोणाकोणाचं डोकं दुखतं. मला तर अपराधी वाटत होतं, बाजेवर बसलेय आणि समोर वहिनी भाकरी थापतेय. मी उठायला लागले की माय म्हणायची, "बठ वं माय जराशी, काम काय पयी जाई का?" (बस गं बाई जराशी, काम काय पळून जाईल का?) मग मी वहिनीला सांगितलं, आज मी बसते, उद्या सकाळचा सगळा स्वयंपाक माझा, तू दहापर्यंत उठायचं नाही. ती खरंच उठली नाही. असं उघड वाटून घेतलं की अपराधीपण बरंच कमी होतं.

फोनचं एवढंच करा, ऑफिसचे ग्रुप म्यूट, रात्री नऊनंतर चार्जर स्वयंपाकघरात. बाकी उपास वगैरे काही नको, चार दिवस फोन बंद ठेवणारे पाचव्या दिवशी सगळे रील एकदम बघतात.

तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल. येऊ द्या, लगेच काहीतरी करायला घेऊ नका. मला तिसऱ्या दिवशी दुपारी किती वर्षांनी आठवलं की मला भरतकाम यायचं. केलं नाही काही, आठवलं फक्त.

मृग लागल्यावर

७-८ जूनला मृग निघतो, मग पेरण्या, शाळा, वह्या-पुस्तकं, छत्र्या, सगळं एकदम सुरू होतं आणि उन्हाळ्यात कमावलेलं पंधरा दिवसांत उडतं. माझं पहिल्या वर्षी उडालंच. दुसऱ्या वर्षी मी तीनच गोष्टी धरून ठेवल्या, साडेपाचला उठणं, चारनंतर चहा नाही, आणि बुधवारी संध्याकाळी सात ते साडेआठ माझे. बुधवारच का तर त्या दिवशी मुलाचा क्लास असतो आणि नवरा त्याला आणायला जातो, घर रिकामं असतं. ऑफिसच्या कॅलेंडरवर मी त्या चौकटीत "बाज" लिहून ठेवते, नवीन आलेल्या मुलाने विचारलं मॅडम हे कोणतं रिटर्न, म्हटलं दर आठवड्याला भरावं लागतं.

कधी बुधवार बुडतो. बुडला तर शुक्रवारी भरपाई करत बसू नका, पुढचा बुधवार घ्या.

आणि अखाजीच्या रजेचा अर्ज जानेवारीतच देऊन टाका, पंचांगात तारीख बघून, कारण ती दरवर्षी बदलते, कधी एप्रिल कधी मे, आणि आपल्याकडे त्या आठवड्यात निम्मं ऑफिस रजा मागतं. आमच्याकडे यंदा माझा अर्ज पहिला होता, दुसरा शिपायाचा.